गाव आम्हाला ‘फोटोवाल्या’ म्हणतं, काय करू?

ताई नमस्कार,

मी बीएस्सी अ‍ॅग्रीच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि सध्या आमचं रावे, म्हणजे गावात राहून करायचं काम, चालू आहे. सातारा जिल्ह्यातल्या एका गावात आम्ही सात मुली राहतोय, एका काकूंच्या माडीवर. मी मूळची चिंचवडची, घरी शेती नाही. आल्या दिवशी सरपंचांनी नारळ आणि गुलाब देऊन स्वागत केलं, पेपरला बातमी आली, भारी वाटलं. पण आता महिना झाला आणि रोज मन उतरतंय. आम्ही डेमो ठेवतो, बॅनर लावतो, पाच-सहा म्हातारी माणसं आणि शाळेतली पोरं येतात, फोटो होतो, संपलं. पारावरची माणसं आम्हाला बघून “आल्या का फोटोवाल्या” म्हणतात. मागच्या आठवड्यात सोयाबीनच्या बीजप्रक्रियेचा डेमो ठेवला तर एक आजोबा म्हणाले, “पोरी, पेरून महिना झाला की आता.” सगळे हसले. त्याच दिवशी एका दादांनी आल्याच्या प्लॉटवर नेलं, कंद सडतायत, काय मारू म्हणाले. मला सांगता आलं नाही. ते म्हणाले, “चार वर्षं काय शिकला मग?” रात्री रडू आलं. ग्रुपमधल्या दोघी म्हणतात कशाला मनावर घेतेस, सर्व्हेची फाईल मागच्या बॅचकडून आणलीय, तेच आकडे उतरवू. मला पटत नाही, पण भांडणही नकोय. काकू जेवणाचे पैसे घ्यायला तयार नाहीत, त्याचंही ओझं वाटतं. गावाशी खरं नातं जोडता येतं का, की हे सगळं नाटकच असतं?

– एक वैतागलेली कृषीकन्या

---

अगं वैतागलेली,

आधी त्या आजोबांचं बघू, कारण ते बरोबर बोललेत. रावेचं टाईमटेबल कॉलेजच्या ऑफिसात टाईप होतं आणि पाऊस काही ते वाचून पडत नाही, त्यामुळं दरवर्षी हीच गंमत होते, पोरी गावात पोचतात जुलैत आणि सोयाबीन पेरून झालेलं असतं जूनमध्येच, मग उगवून वीतभर झालेल्या पिकाच्या बांधावर उभं राहून बियाण्याला औषध कसं चोळायचं ते दाखवतात. आजोबा हसले ते तुला नाही हसले, त्या टाईमटेबलला हसले. तू पण हसायचं होतंस त्यांच्याबरोबर, अर्धी भीड तिथंच मोडली असती.

ज्यांना रावे म्हणजे काय ते माहीत नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. ग्रामीण कृषी कार्यानुभव कार्यक्रम. राहुरी, अकोला, परभणी, दापोली या चारही कृषी विद्यापीठांच्या कॉलेजांत शेवटच्या वर्षाची मुलंमुली काही महिने गावात पाठवतात, मुलगे कृषीदूत आणि मुली कृषीकन्या. तालुक्याच्या कुठल्याही पेपरात पावसाळ्यात एक बातमी हमखास असते, ‘कृषीकन्यांचे गावात जल्लोषात स्वागत’, आणि खाली प्राचार्यांपासून समन्वयकांपर्यंत सगळ्या डॉक्टरांची नावं. ज्याच्या रानात डेमो झाला त्या शेतकऱ्याचं नाव मात्र त्यात शोधावं लागतं, बहुतेक वेळा ‘आदी शेतकरी उपस्थित होते’ यातल्या आदीमध्ये तो बिचारा असतो. मी स्वतः अ‍ॅग्रीचीच आणि आता गावातच राहते, आमच्याकडंही दर पावसाळ्याला पोरंपोरी येतात, त्यामुळं दोन्ही बाजू रोजच्या बघण्यातल्या आहेत.

तर ‘फोटोवाल्या’ हे नाव तुमचं नाहीच, ते तुमच्या आधीच्या बॅचांचं आहे, तुम्हाला वारशात मिळालंय. आणि एक प्रयोग कर. पारावरच्या त्याच माणसांना सरळ विचार, काका आधीच्या पोरींचं काय चुकलं सांगा की. फोटोवर कुणी बोलणार नाही बघ, फोटो गावालाही आवडतात, व्हॉट्सअ‍ॅपला तेच लोक स्टेटस ठेवतात. ते सांगतील की दोन वर्षांमागं माती नेली होती, रिपोर्ट काय आलाच नाही. कुणी सांगेल अमुक रोपं देतो म्हणाल्या होत्या. कुणी म्हणेल घरातली सगळी माहिती लिहून नेली, किती जनावरं, किती कर्ज, काय केलं त्याचं देव जाणे. म्हणजे राग आहे तो अर्धवट सोडून गेल्याचा. गाव दरवर्षी काहीतरी देतं, माती देतं, माहिती देतं, भाकरी देतं, आणि परत काहीच येत नाही.

म्हणून माझं सांगणं एवढंच की वीस डेमो कर नको कर, ते मार्कांसाठी करावेच लागतील तेवढे कर, पण एक काम असं धर की जे सुरू केलंस ते पूर्ण करून, त्याचं उत्तर त्या माणसाच्या हातात ठेवूनच गाव सोडशील. आणि ते काम तुझ्यासमोर आयतं आलंय. त्या दादांचं आलं.

साताऱ्याकडं आलं करणं म्हणजे पोरखेळ नाही. बेणं म्हणजे लावायचे कंद, गादीवाफे, ठिबक, भर लावणं, खतं असं करत एकरी लाखांत खर्च जातो आणि दराचा भरवसा नाही, एक वर्ष घर बांधून होतं तर पुढच्या वर्षी काढणीची मजुरी निघत नाही. अशा माणसाचा प्लॉट डोळ्यांदेखत पिवळा पडत चाललाय आणि तो विचारतोय काय मारू. त्याला लगेच उत्तर देणारे भरपूर आहेत गं, दुकानदार देतो, कंपनीचा पोरगा गाडीवरून न उतरता देतो, शेजारचा देतो, यूट्यूब तर देतंच. ‘मला आत्ता माहीत नाही, विचारून परवा सकाळी येते’ असं म्हणणारं त्याला कुणी भेटलेलं नाही. तू ते म्हण, आणि परवा सकाळी खरंच जा. त्याच्या त्या टोमण्याचं उत्तर हेच, दुसरं कुठलं देत बसू नकोस.

जाताना काचेचा एक पारदर्शक ग्लास, पाण्याची बाटली आणि नवं ब्लेड ने. रोग नुकताच लागलाय असं झाड उपट, पार सडलेलं नको. बुंध्याकडचा खोडाचा तुकडा स्वच्छ काप आणि कापलेलं टोक पाण्यात बुडेल असा ग्लास न हलवता धरून बघ, दादांनाही बघायला लाव. थोड्या वेळात कापातून दुधासारखा पांढरट धागा खाली उतरायला लागला तर जिवाणूंमुळं येणाऱ्या मररोगाचा संशय घ्यायचा. असं काही आलं नाही, खोड बुंध्याशी पाणचट मऊ झालंय, हलकं ओढलं तरी निघून हातात येतंय आणि कंदाला घाण वास मारतोय, तर बुरशीच्या कंदकुजीकडं बोट जातं. कंद फोडून आत कंदमाशीच्या अळ्या आहेत का तेही बघ. हे का करायचं तर जिवाणू असेल तर बुरशीनाशकाची आळवणी, मुळाशी औषध ओतणं, म्हणजे पैसे पाण्यात, आणि पहिल्याच आठवड्यात हे कळलं तर त्या माणसाचे तेवढे तरी वाचतात. तुम्ही हे प्लांट पॅथॉलॉजीच्या प्रॅक्टिकलला केलं असेल किंवा निदान फाईलमध्ये आकृती तरी काढली असेल, आठवून बघ.

मग फोटो काढ, आता फोटोवाली असल्याचा उपयोग होऊ दे जरा. पूर्ण प्लॉटचा, एका झाडाचा, उभ्या चिरलेल्या कंदाचा, आणि रानाच्या ज्या बाजूला पाणी साठतं त्या बाजूचा. विचारून लिहून घे की बेणं कुठनं आणलं, लावताना बेणेप्रक्रिया केली होती का, आधी या रानात काय होतं, आल्यावर आलं घेतलंय का, पाणी किती वेळ सोडतात. हे सगळं तुमच्या रोगशास्त्राच्या सरांना पाठव आणि शेजारी कृषी विज्ञान केंद्र असेल तिथल्या पीक संरक्षणवाल्यांना पण पाठव, सातारा जिल्ह्यात बोरगावला आहे, कराडकडं कालवड्याला आहे. नमुना पाठवायला सांगितला तर ताजं झाड मातीसकट कागदात गुंडाळून दे, प्लास्टिकमध्ये बांधलंस तर वाटेतच सडून जाईल आणि मूळ रोग कुठला ते कळायचं नाही.

सरांचं उत्तर येईपर्यंत तू आपल्या मनानं औषधाचं नाव सांगू नकोस, कितीही आग्रह केला तरी. पण साठलेलं पाणी चर काढून बाहेर काढा, सडलेली झाडं कंदासकट काढून लांब नेऊन नष्ट करा, पाटात किंवा उकिरड्यावर टाकू नका, आणि पुढच्या सालचं बेणं या प्लॉटमधून धरू नका, एवढं सांगायला कुणाची परवानगी लागत नाही. प्लॉट वाचेलच असं नाही हं. भर पावसात लागलेली कूज पुष्कळदा आटोक्यात येत नाही. तरीही दर तीन-चार दिवसांनी जाऊन बघत राहिलीस ना तर गावात त्याची चर्चा होते, ती चष्मेवाली पोरगी अजून येते त्याच्या रानात, अशी. (चष्मा आहे का तुला ते माहीत नाही, पण गाव काहीतरी नाव ठेवतंच आणि ते फोटोवालीपेक्षा बरं असेल.)

आता टाईमटेबलचं. तुमच्या यादीतल्या गोष्टी त्याच ठेव, फक्त पुढच्या हंगामाला लाव. बीजप्रक्रिया करायचीच आहे तर हरभऱ्याची कर ना, तो ऑक्टोबरात पेरायचाय, लोकांना तेव्हा उपयोग आहे. किलोला पाच ग्रॅम ट्रायकोडर्मा (ही उपयोगी बुरशी), मग दहा किलोला अडीचशे ग्रॅमचं रायझोबियमचं, म्हणजे नत्र देणाऱ्या जिवाणूंचं, पाकीट, सावलीत सुकवून लगेच पेरणी. रासायनिक बुरशीनाशक वापरणार असतील तर ते आधी आणि जिवाणू सगळ्यात शेवटी, हा क्रम लोक उलटा करतात म्हणून मुद्दाम सांगायचा. आणि डेमोला पावशेर बी चोळून फोटो काढू नका, ज्याचं खरंच पेरायचंय त्याचं सगळं बियाणं त्याच्या अंगणात चोळून द्या, हात पिवळे झाले की डेमो झाला.

सोयाबीनचंही असंच. ते सरळ वाण आहे, संकरित नाही, घरचं बी दोन-तीन वर्षं वापरता येतं, पण त्याचं साल नाजूक, मळणीत मार बसला की उगवण गेली. २०२० च्या खरिपात विकतचं बियाणं उगवलं नाही म्हणून राज्यभर तक्रारी झाल्या होत्या ते गावात सगळ्यांना आठवत असेल, तिथूनच विषय काढ. काढणीनंतर घरचं बी ठेवणाऱ्या चार घरांतून शंभर-शंभर दाणे घ्यायचे, ओल्या गोणपाटात दहा-दहाच्या ओळी मांडून गुंडाळी करायची, आठवडाभरात मोजायचे. सत्तरच्या वर कोंब आले तर बियाण्याचं प्रमाण नेहमीचं, कमी आले तर तेवढं वाढवायचं, फारच कमी असतील तर ते बी तेलालाच घालायचं. मेमध्ये हीच चाचणी परत करायला त्यांना सांगून ठेव, तेव्हा तू नसशील, म्हणून काकूंच्या हातानंच करून घे म्हणजे त्यांना येईल.

आणि माती. उभ्या पिकातून, त्यात नुकतंच खत टाकलेल्या रानातून मातीचा नमुना घेऊन जाणं म्हणजे निव्वळ फाईल भरणं. गावात काही रानं रब्बी ज्वारीसाठी मोकळी ठेवलेली असतील बघ, त्यातली निवड. नागमोडी चालत दहा-पंधरा ठिकाणी, बांध, झाडाखालची जागा, उकिरडा सोडून, व्ही आकाराचा वीतभर खोल खड्डा, त्याच्या कडेची माती, सगळी एकत्र करून चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन टाकून द्यायचे, असं करत अर्धा किलो उरवायची. हे तुला तोंडपाठ असेल. जे तोंडपाठ नसतं ते हे, की रिपोर्ट ज्वारी पेरायच्या आत आला पाहिजे नाहीतर तो रद्दी आहे. म्हणून पन्नास नमुने घेऊ नका. पाच घ्या, लॅबच्या सरांच्या मागं लागून पाचही रिपोर्ट मिळवा, आणि नुसता कागद देऊ नका, नत्र कमी म्हणजे युरियाची किती गोणी आणि कधी, अशा भाषेत त्याच्या ओट्यावर बसून सांगा. मृद आरोग्य पत्रिका २०१५ पासून वाटल्या जातायत, कित्येक घरांत त्या देवघराच्या फोटोमागं खोचलेल्या सापडतात, कारण त्या वाचून कुणी दाखवल्याच नाहीत.

डेमोला माणसं येत नाहीत याचं कारण तर सोपं आहे, तुम्ही त्यांना ग्रामपंचायतीत बोलावता आणि अकरा वाजता बोलावता. अकरा वाजता गावात कोण असतं? ज्यांना रानात जाववत नाही ती म्हातारी माणसं आणि पोरं. तुम्ही डेअरीवर जा. सकाळी दूध घालायला आणि संध्याकाळी परत, अख्खं गाव किटली घेऊन तिथं उभं असतं, फॅट लागेपर्यंत दहा मिनिटं मोकळी असतात, तेवढ्यात एक गोष्ट सांगून होते. बॅनर नको, खुर्च्या नकोत. आणि बायकांना भेटायचं असेल तर भांगलणीला जा त्यांच्याबरोबर, खुरपं घेऊन, कडेला उभं राहून नाही. तुला जमणार नाही, तुझी ओळ मागं राहील, बायका हसतील, आणि दुपारी भाकरी सोडून बांधावर बसल्या की इतकं काय काय बोलतील की तुमच्या त्या छापील प्रश्नावलीत त्याला जागाच नाही. आपल्याकडं पेरणीपासून काढणीपर्यंत निम्म्याहून जास्त हात बायकांचे लागतात आणि डेमोच्या फोटोत सगळे टोपीवाले, हे तुम्हा मुलींना तरी खटकायला पाहिजे. कृषीदूत पोरांना जिथं अंगणाच्या पुढं जाता येत नाही तिथं तुम्ही चुलीपाशी बसता, त्याचा फायदा घ्या.

फवारणीचा विषय तिथंच काढा. २०१७ साली यवतमाळमध्ये कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि मजूर दगावले, वीसच्या वर माणसं, आणि तरी आजही आपल्याकडं उघड्या अंगानं, वाऱ्याच्या तोंडाला, तंबाखू मळत फवारतात. डबड्यावरचा त्रिकोण वाचायला शिकवा, लाल सगळ्यात जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. पुरुषांना सांगितलं तर ‘आम्ही रोजच करतो’ म्हणतात. बायकांना सांगितलं की त्या घरी जाऊन भांडतात, कारण ते कपडे धुतात त्याच. ते वेगळे धुवा आणि औषधाची रिकामी बाटली तेला-रॉकेलला वापरू नका, एवढं जरी रुजलं तरी खूप झालं.

तुमच्या कामांपैकी मला स्वतःला सगळ्यात आवडतं ते गावाचा नकाशा काढणं, आणि नेमकं तेच पोरं रात्री माडीवर बसून चार्टपेपरवर स्केचपेननं उरकतात. असं करू नका. देवळापुढं, पाऊस उघडलेला बघून, रांगोळी घेऊन बसा आणि लोकांनाच काढायला सांगा. पाच मिनिटांत भांडणं सुरू होतात, ओढा इथनं नाही तिथनं, ती विहीर बुजली की, या गल्लीत आता कुणी राहत नाही सगळी मुंबैला, आणि त्या भांडणात तुम्हाला खरं गाव दिसतं. काढून झालं की नीट बघ, गावाच्या कडेची एखादी वस्ती त्या नकाशात आलीच नसेल. असतं असं, जवळजवळ सगळीकडं असतं. काढणाऱ्यांना तिथंच सुनावत बसू नकोस, तू चार महिन्यांची पाहुणी आहेस, पण दुसऱ्या दिवशी त्या वस्तीत जाऊन तसाच नकाशा तिथल्या बायामाणसांकडून काढून घे. दोन्ही फाईलला लाव. बघूदेत सर.

ऑगस्ट लागला की एक काम अजून निघेल, ई-पीक पाहणी. मोबाईलवरून आपल्या गटात उभं राहून पिकाची नोंद करायची असते, २०२१ पासून आहे, आणि साठीच्या पुढच्या माणसांची त्यात फार ओढाताण होते, कुणाकडं साधा फोन, कुणाचं लोकेशन घेत नाही, आणि नोंद झाली नाही तर सातबाऱ्यावर पीक येत नाही, मग विक्रीला नाहीतर भरपाईला अडतं. तुम्ही सात जणींनी वाड्या वाटून घेतल्यात तर अख्ख्या गावाची होऊन जाईल आणि त्या दिवसापासून तुम्हाला चहाला घरं पुरणार नाहीत. फक्त ओटीपी त्यांच्या समोर, त्यांना सांगून, त्यांच्याच फोनवर. आधारचे फोटो तुमच्या मोबाईलमध्ये ठेवायचे नाहीत म्हणजे नाहीत.

आता त्या दोन मैत्रिणी. भांडू नकोस, पण त्या फाईलला हातही लावू नकोस. त्यांना एवढंच म्हण की बाई, त्या फाईलमधल्या म्हशी बघ, मागच्या बॅचच्या आधीपासून तेवढ्याच आहेत, ना व्याल्या ना विकल्या ना मेल्या, लम्पीत गायीसुद्धा गेल्या नाहीत या गावात? व्हायवाला, तोंडी परीक्षेला, बाहेरचे सर असतात आणि त्यांना गावं माहीत असतात, एखाद्यानं विचारलंच की आल्याचं क्षेत्र किती, तर उतरवलेला आकडा तोंडावर सांगताना लाज वाटते. नाही ऐकलं तर तुझ्या वाट्याची घरं तू खरी कर आणि तुझ्या नावानं वेगळी लाव. सर्व्हेला जाताना एक कर, ज्याचं लिहून घेतलंस त्यालाच शेवटी वाचून दाखव. खर्च एवढा, उत्पन्न एवढं, असं दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं की माणूस एकदम गप्प होतो आणि मग खरं सांगायला लागतो.

अजून एक राहिलं. गाव कॉलेजला कधी गेलंय का विचार. बहुतेक ठिकाणी उत्तर नाही असं येतं, कॉलेज वीस-पंचवीस किलोमीटरवर असलं तरी. आपण त्यांच्या देवळात, माजघरात, गोठ्यात शिरतो आणि ते आपल्या गेटवर आले तर वॉचमन विचारतो कुणाकडं काम आहे. हे उलटं झालं पाहिजे. तुमच्या समन्वयक सरांना गाठ आणि एक दिवस ठरव, गावातनं एक टेम्पोभर माणसं, त्यात निम्म्या बायका, आणि तुमच्या सोयीनं नाही तर रानातली गडबड नसेल तेव्हा. त्यांना माती परीक्षणाची लॅब दाखवा जिथं त्यांची माती येते, रोपवाटिका दाखवा, कॉलेजच्या रानात जे पीक बिघडलंय तेही दाखवा, लपवू नका, शेतकऱ्याला दुसऱ्याचं बिघडलेलं पीक बघायला फार आवडतं आणि तिथं तो तुमच्या सरांशी बरोबरीनं बोलायला लागतो. गावातल्या बारावीच्या पोरींना मुद्दाम न्या. त्यांना अ‍ॅग्रीची अ‍ॅडमिशन सीईटीवर होते हेसुद्धा पुष्कळदा ठाऊक नसतं, आणि आई-बापांना हे ठाऊक नसतं की २०२४-२५ पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ओबीसी, एसईबीसी, ईडब्ल्यूएस घरांतल्या मुलींना व्यावसायिक कोर्सची ट्यूशन फी आणि परीक्षा फी सरकारनं माफ केलीय, प्रवेश सरकारी कॅप राऊंडमधून, म्हणजे केंद्रीय प्रवेश फेरीतून, घेतलेला असला पाहिजे एवढंच, मॅनेजमेंट कोट्याला नाही. हे तू एका जरी घरात नीट बसून समजावलंस ना तर वीस डेमो एकीकडं.

आणि जाताना एक साधी दोनशे पानी वही सोडून जा, पुढच्या बॅचसाठी. तिच्यात थोरामोठ्यांची नावं नकोत. गावानं काय विचारलं, काय उत्तर आलं, काय बाकी आहे. कुणाचा माती रिपोर्ट राहिला, कुणाच्या आल्यात कुठला रोग निघाला, डेअरीवर किती वाजता गर्दी असते, कुठलं कुत्रं चावतं. एक प्रत सरांकडं, एक काकूंकडं. कॉलेजनं तेच गाव पुढं दिलं तर त्या पोरींचा पहिला महिना वाचेल, आणि दुसरं दिलं तरी काकूंकडं वही राहील, बाकी राहिलेलं मागायला गावाकडं काहीतरी कागद असेल.

नाटक आहे का विचारलंस. बरंचसं आहे, हो. स्वागत नाटक आहे, समारोप नाटक आहे, मधला बॅनर तर आहेच. पण त्या नाटकाच्या नावाखाली कॉलेज तुला चार महिने एका गावात राहायला सोडतं, आणि नोकरी लागल्यावर, बँकेत कृषी अधिकारी झालीस किंवा एमपीएससी करून साहेब झालीस तर, गावात राहायला कुणी सोडणार नाही, जीपमधनं उतरायचं आणि परत चढायचं. चिंचवडच्या पोरीला तर ही संधी पुन्हा नाहीच.

राहिले काकूंचे पैसे. पैसे हातात देऊ नकोस, ते त्यांच्या मनाला लागेल. सात जणींचं धान्य लागतं हे मात्र खरं आहे, त्यामुळं महिन्याचा किराणा तुम्ही भरा, न विचारता, तेल-साखर-चहा-डाळ आणि गॅसची एक टाकी, दुकानदाराला सांगून परस्पर घरात पोचवा. भांडी तुम्ही घासा, पाळ्या लावून. काकूंना दवाखान्यात, बँकेत किंवा बचत गटाच्या कामाला तालुक्याला जायचं असेल तर सोबत जा. आणि गौरी-गणपतीला तुम्ही तिथंच असाल तर घरी पळू नका सगळ्या, निदान दोघी-तिघी थांबा, गौरीच्या फराळाला त्यांना हात लागतात, आणि करंजी कशी मुरडायची ते तुमच्या सिलॅबसमध्ये नाहीये.

– ताई